नऊ-नऊचा मुहूर्त आणि माझा दमेकरी ट्रक

आमच्या अख्ख्या लोम साक गावात माझ्या ट्रकला जोड नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगितलेलं आहे! चिंचेच्या दोन हंगामांची कमाई मी त्यात ओतली. मोठा टर्बो, नवं ट्यूनिंग, आणि सायलेन्सर तर असा की शेजारच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. एक्सिलेटरला नुसता अंगठा लावायचा, ट्रक सुटलाच!

हीच फुशारकी मी थावोनकाकांपुढे मारली आणि फसलो. थावोनकाका म्हणजे माझ्या फिकुनचे वडील. वरच्या घाटात तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आणि अजूनही खुर्चीत बसले की उजवा पाय ब्रेकवर.

"खेम, मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा आहे. वरात कशातून आणणार?"

"माझ्या ट्रकमधून! घाट वीस मिनिटांत चढतो, काका."

"चढ की. नऊ-नऊला माझ्या दारात दिसलास तर लग्न. नाहीतर पुढच्या आठवड्यात भिक्खूंचा वर्षावास बसतोय, तीन महिने लग्नं बंद. मग माझी भातकापणी. मग तुझी चिंच. म्हणजे पुढच्या वर्षी बघू!"

"पुढच्या वर्षी? काका, सहा वर्षं झाली थांबून!"

"म्हणून तर म्हणतोय, वेळेवर ये."

आणि लग्नाला चार दिवस उरले असताना ट्रकनं मान टाकली! एक्सिलेटर दाबायचा, एक... दोन... तीन म्हणायचं, मग तो खोकायचा, भसकन काळा धूर सोडायचा आणि उपकार केल्यासारखा हलायचा. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मास्तरीणबाई मला मागे टाकून गेल्या. वर हातही हलवला!

मी ट्रक मित्राच्या गॅरेजात नेला. हा वीरोत. टर्बो त्यानंच बसवलेला, त्यामुळे दोष टर्बोचा असणं शक्यच नव्हतं.

"डिझेल खराब असेल."

डिझेल बदललं. ट्रक तसाच.

"पाइप गळत असेल."

पाइप बदलला. ट्रक आणखी सुस्त!

"अरे, हवेचा फिल्टर बघ ना एकदा."

"फिल्टर?" वीरोत दुखावला. "या हातांनी पंधरा दिवसांपूर्वी नवा घातलाय! तुझी आई साक्षीला आहे. सरबत घेऊन उभी होती तिथं."

आईचं निदान वेगळंच होतं. "मे-या-नांग रागावलीय. ट्रकची देवी ती! तिला न विचारता तिच्या पोटात काय काय कोंबलंस."

आईनं बॉनेटपुढे उकडलेली अंडी, लाल सरबत आणि फुलांची माळ ठेवली. मग रोज एका विहारात जाऊन यायला लागली. आणि गंमत बघा, आई विहारातून आली की दुसऱ्या दिवशी ट्रक आणखी रडायचा! मला वाटलं, देवी फारच चिडलीय. झोप उडाली. फिकुनला फोनवर म्हणालो, "ट्रक अगदी मस्त आहे." ती म्हणाली, "मग तुझा आवाज असा का येतोय?"

लग्नाच्या सकाळी मागे चौदा माणसं, लांब ढोल, ऊस, केळीची दोन रोपं. पुढे मी आणि आई. सपाटीवर कसेबसे आलो. घाट लागला आणि ट्रक गोगलगाय झाला. आठ पन्नासला ढोलवाले खाली उतरून नाचत चालू लागले. आठ पंचावन्नला ते पुढे गेले! माझ्या मावशीनं खिडकीत तोंड घातलं. धुरानं नुसते दात दिसत होते.

"खेम, तू ये सावकाश. आम्ही होतो पुढे."

"मावशी, नवरदेव मी आहे!"

मला खरंच रडू आलं. आणखी एक वर्ष! आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कमरेच्या बटव्यातून एक घडी केलेलं वस्त्र काढलं. "रडू नको. थांब जरा, हे चौथंही ठेवते."

"चौथं?"

"मंतरलेलं वस्त्र रे. तीन आधीच ठेवलीत. पहिलं तर ट्रक बिघडायच्या आदल्या दिवशीच, लग्न सुखरूप व्हावं म्हणून."

"कुठं?"

"अशी वस्तू पायाजवळ ठेवायची नाही. वर काचेपाशी ठेवावी तर तिथं तू मोजे खोचतोस! वीरोतच फिल्टर घालताना मला म्हणाला ना, काकू, ट्रक इथून श्वास घेतो, सगळ्यात स्वच्छ जागा हीच. मग तिथंच ठेवली."

मी बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डबीत तीन विहारांचे आशीर्वाद फिल्टरला गच्च चिकटून बसले होते! आईनं हात जोडले, एकेक वस्त्र काढून डोक्यावर ठेवलं. "देवी, माफ कर. पोरगं घाईत आहे."

मी अंगठा लावला. ट्रक सुटला! वरातीच्या शेजारून गेलो तेव्हा मावशी ओरडत होती, "अरे, आम्हाला घे!" पण थांबतोय कोण?

नऊ वाजून सात मिनिटांनी दारात! थावोनकाकांनी घड्याळ पाहिलं, मग रिकामा ट्रक पाहिला, मग डोक्यावर वस्त्रांची चळत घेतलेली आई पाहिली.

"वरात?"

"येतेय काका. चालत."

मी सगळं सांगितलं. काकांनी बॉनेटकडे पाहिलं. मग एकदम त्यांच्या पोटातून हसू फुटलं. "आत ये! एक मिनिट आहे अजून." गॅलरीत फिकुन रडत-हसत उभी होती. माझ्या छातीवरचा डोंगर उतरला तो तेव्हा!

संध्याकाळी निघताना काकांनी मला ट्रकपाशी बोलावलं. त्यांनी हळूच मागे पाहिलं.

"ती वस्त्रं आहेत ना?"

"आहेत. का?"

"घाट उतरायचाय. माझी मुलगी बसणार आहे आत." काकांनी स्वतः बॉनेट उघडलं. "एक परत घाल."

घातलं. काय करणार, सासरे! अजूनही आहे. एक... दोन... तीन म्हटल्यावरच हलतो आमचा ट्रक. मास्तरीणबाई अजून हात हलवतात.

मागच्या महिन्यात आम्हाला मुलगी झाली. आता वस्त्रं दोन आहेत.