खुशालरावांचं लाल तोंड

खुशालरावांनी खर्रा, तो तोंड लाल करणारा तंबाखू-सुपारीचा घोटा, सोडला, यावर सगळ्या तेल्हाऱ्यात फक्त त्यांच्या बायकोचा, मैनाबाईंचा, विश्वास होता. हिरड्यांच्या रक्ताने उशी डागाळू लागली तेव्हा त्यांनीच नवऱ्याला अकोल्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि परतताना एसटीत बजावलं, "आता खर्रा दिसला तं मी नांदगावले भावाकडे जाईन, अन् परत येनार नाई." बाई बोलतात ते करतात, हे खुशालराव चांगलं ओळखून होते.

पुढच्या खेपेला ते एकटेच गेले. डॉक्टरांनी लाल गोळ्या दिल्या. चावून चूळ भरायची. जिथे कीटण साचलंय तिथे दात रंग धरतात, तिथे ब्रश नीट फिरवायचा. हिरड्या त्या कीटणानेच सुजतात म्हणे. संध्याकाळी खुशालरावांनी गोळी चावली आणि आरशात स्वतःचे दात बघून हबकले. तेवढ्यात मैनाबाई दळण घेऊन दारात आल्या आणि नवऱ्याचं लाल तोंड त्यांना दिसलं.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण डबा खाली ठेवून त्या सरळ पिशवीत पातळं भरू लागल्या.

"अवं, डाक्टरची गोळी हाय ते."

"डाक्टर तोंड रंगवाची गोळी देते काय? मले येडी समजता?"

खुशालरावांनी गोळ्यांचं पाकीट उघडलं. त्यांनी दुसरी गोळी पुढे केली. "मंग तूच चावून पाह्य."

नवऱ्याचं खोटं उघडं पाडायचं म्हणून मैनाबाईंनी ती कराकरा चावली, चूळ भरली आणि आरशासमोर गेल्या. त्यांचे दात तर हिरड्यांपाशी नवऱ्याहून लाल होते. राग कुठच्या कुठे गेला.

"माह्या बी हिरड्यांतून रक्त येते," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या दुखन्यात कुठं सांगत बसू?"

खुशालरावांना भरून आलं. इतके दिवस ते आपलंच तोंड कुरवाळत बसले होते. उद्या दोघांनी अकोल्याला जायचं ठरवून त्यांनी पातळं पुन्हा कपाटात ठेवली. घड्या मोडल्या, पण ठेवली.

इतक्यात शेजारची सुभद्रा विरजण मागायला आली आणि दोघांची तोंडं बघून उंबऱ्यातच थबकली. "का हो भाऊजी, बाईलेही लावला का खर्रा?"

खुशालराव घाईघाईने गोळीची हकिकत सांगू लागले. सुभद्रा नुसती मान हलवत होती. बायको आता गल्लीभर बदनाम होणार, या विचाराने ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

मैनाबाईंनी त्यांना थांबवलं. "राहू द्या, कोन मानते?" मग सुभद्रेकडे वळून त्या लालभडक दातांनी हसल्या. "हो वं, लागला. पन आता दोघं मिळून सोडून राहिलो."