सिंधूसिस्टर आणि ताग्यावरची चित्रं

आमच्या शेजारच्या सिंधूसिस्टर कोणाच्या घरी इंजेक्शन द्यायला गेल्या, की हात धुण्याआधी विचारायच्या, "घरात जुनी पेटी हाय काय?"

पेशंट तापानं फणफणत असला, तरी आधी पेटी उघडायची. पेटीतल्या वस्तूंशी त्यांना कर्तव्य नसे, झाकणाच्या आतल्या बाजूशी असे. पूर्वी विलायतेहून कापडाचे तागे यायचे. गिरणीवाले त्यांवर रंगीत चित्राचं लेबल डकवायचे. हत्ती, आगबोट, मोर, कधी आपलेच देव. तागा संपला की दुकानदार ते चित्र गिऱ्हाइकाला देऊन टाकी, आणि बायका हौसेनं पेटीच्या झाकणाला आतून चिकटवत. सिस्टर त्यावर ओलं फडकं ठेवून ते अलगद सोडवायच्या आणि एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घालून घरी न्यायच्या.

"हा आपलाच कापूस हाय बाप्पा," त्या सांगायच्या. "राळेगावातून गेला, अन् सासरहून आलेल्या पोरीवानी नटूनथटून वापस आला."

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावरही गाव त्यांनाच बोलवायचं. लग्न केलेलं नव्हतं, घरी एकट्याच. भिंतीवर मात्र हत्ती आणि आगबोटींची गर्दी.

कापसाचा भाव पडला, तेव्हा त्यांची चंगळ झाली, हे बोलू नये पण खरं आहे. भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. खाटा ओसरीवर आल्या, कापूस माजघरात गेला, आणि त्या कापसानं घरोघर अंगाला खाज सुटली. सिस्टरांचं म्हणणं एकच, "आंधी कापूस खोलीबाहेर काढा, मंग मलम."

इलाज बरोबरच होता. पण पेटी बहुधा त्या ढिगाखालीच असायची, आणि ढीग हलला की सिस्टर मलमाची डबी बाजूला ठेवून तिच्याकडे धावायच्या. शेवटी एकानं विचारलंच, "सिस्टर, खाज मले सुटली का तुमाले?"

"दोघायले," सिस्टर म्हणाल्या आणि झाकणाकडे वळल्या.

झोक्यावर बसलेल्या दोन बायकांचं एक चित्र त्यांना कुठंच सापडत नव्हतं. एका म्हाताऱ्या कापडवाल्यानं त्याचं वर्णन केलं होतं, तेव्हापासून त्या बाभुळगावापर्यंत पेट्या उघडून आल्या होत्या. ते निघालं गिरजाबाईंच्या घरी. गिरजाबाईंना वयानं आता माणसं ओळखू येत नव्हती; कधीच वारलेल्या थोरल्या बहिणीची तेवढी वाट बघायच्या. त्यांचा मुलगा म्हणाला, "घेऊन जा नं सिस्टर, आमाले काय करायचं?"

सिस्टरांनी फडकं भिजवून चित्रावर ठेवलं. तेवढ्यात खाटेवरून गिरजाबाई म्हणाल्या, "ताई, आपलं चित्र कायले काढून राह्यली?"

सिस्टर थांबल्या. त्यांनी फडकं उचललं, ओल्या कागदावर फुंकर घातली. "काढत नाही वो माय," त्या म्हणाल्या, "धूळ पुसून राह्यली." आणि पेटी तशीच उघडी, खाटेवरून दिसेल अशी सरकवून ठेवली.

त्यानंतर खाज गेली, मलम संपलं, तरी सिस्टर रोज दुपारी तिकडे जात. चित्रावर डोळा असेल, असं मी घरात म्हणायचो.

एकदा त्या आमच्याकडेच जेवल्या. आईनं वाढलेलं पिठलं-भाकरी, वर ताक. पोटभर. मग निघाल्या, तर मीही सोबत गेलो.

आम्ही दारात पोचलो, तशा गिरजाबाई उठून बसल्या. "ताई, जेवली काय?"

"नाही वो," सिस्टर म्हणाल्या. "तुह्याच घरी जेवीन म्हटलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुनेनं भाकर आणि अंबाडीची भाजी आणली. सिस्टर खाली मांडी घालून बसल्या आणि एकेक घास सावकाश चावत राहिल्या. गिरजाबाई खाटेवरून वाकून पदरानं त्यांना वारा घालत होत्या.

"अजून अर्धी घे नं, ताई," त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी ताट पुढे केलं.