दोन टीशर्ट, एक बादली

“तुझ्याबरोबर हरायचंच असेल तर निदान पांढऱ्यात हरू दे,” ताई म्हणाली. “एकाने गुलाबी घालायचा आणि एकाने पांढरा, असला तमाशा मी करणार नाही.”

“मी काय मुद्दाम केलाय?”

“डोकं आणलंयस ना बरोबर? का तेही धुवायला टाकलंय?”

मला असला राग आला की बॅट आपटणार होतो. पण बॅट मोडली असती, म्हणून बॅग आपटली. बॅडमिंटनच्या मिक्स्ड डबल्समध्ये जोडीतल्या दोघांचे टीशर्ट एकाच रंगाचे लागतात. नसतील तर रेफरी कोर्टवर पाऊल ठेवू देत नाही आणि समोरच्यांना फुकटात पुढे चाल मिळते. आमची सेमीफायनल तोंडावर आली होती, आणि माझा पांढराशुभ्र टीशर्ट बॅगेतून निघाला तो नव्या नवरीसारखा लाजून.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नाही. जोडीदार आहे. माझ्यापेक्षा बरीच मोठी, लग्न झालेली, नोकरी सांभाळून खेळणारी. ती पुढे जाळ्यापाशी असते आणि मी मागून उड्या मारून स्मॅश मारतो, म्हणून हॉलवर मला सगळे टोळ म्हणतात. ताईचं म्हणणं, खेळते ती आणि टाळ्या मला पडतात. माझं म्हणणं, टाळ्या मारणारे आंधळे नसतात. आमचं असंच चालतं.

पण त्या दिवशी नुसतं भांडण नव्हतं. जिराफ नावाचा एक लांबडा खेळाडू आहे. त्याची जोडीदार गुडघा धरून घरी बसली, तेव्हापासून तो ताईच्या मागे लागला होता की माझ्याबरोबर खेळा. ताईने मला तोंडावर सांगितलं होतं, ही सेमीफायनल गेली तर मी विचार करणार. आता, डबल्समधले गुण जोडीच्या नावावर असतात. जोडी फुटली की गुण गेले, परत पात्रता फेरीपासून सुरुवात. ताईला कुणीही उचलून घेईल. मला कोण घेणार? आणि खेळ सुटला तर मी जाणार कुठे? शाळा मी नववीतच सोडली, याच खेळासाठी. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. बोलायचं झालं तर आईमार्फत. मी समोर बसलेलो असायचो आणि ते आईला विचारायचे, “याची फुलं उडवून झाली का?”

तर टीशर्ट. आमच्या टीशर्टांची दुसरी जोडी निळी होती. माझा निळा बॅगेत होता, ताईचा तिच्या घरी दोरीवर. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, घराला कुलूप आणि किल्ली ड्यूटीवरच्या नवऱ्याच्या खिशात. हॉलबाहेरच्या स्टॉलवर गेलो, तर तिथे लहान पोरांचे टीशर्ट आणि मोजे. स्टॉलवाला म्हणाला, लहान घ्या, ताणून बसेल. मी त्याला काय ते सुनावलं आणि घरी फोन लावला.

आईला विचारलं, माझ्या टीशर्टला हात कुणी लावला. आई म्हणाली की तिने नाही, मागच्या वेळी मीच तिच्यावर ओरडलो होतो की माझ्या कपड्यांना हात लावू नकोस, तेव्हापासून ती लावत नाही. बहिणीला विचारलं, तिने फोनच ठेवला. म्हणजे कुणीच धुतला नव्हता. टीशर्ट स्वतःच उठून मशीनमध्ये गेला, स्वतःच रंगला, आणि स्वतःला इस्त्री करून बॅगेत येऊन झोपला. इस्त्री पण कशी, तर बाहीवर कडक घडी, ऑफिसच्या शर्टासारखी.

परत फोन करून आईवर ओरडलो, की ज्या कपड्याचा रंग लागलाय तो कपडा आत्ताच्या आत्ता पाठव. ताईचं डोकं माझ्यापेक्षा जोरात चालतं, हे मी तिच्यासमोर कधी म्हणणार नाही. तिने हिशेब मांडला होता. गुलाबीचा पांढरा करता येत नाही. पांढऱ्याचा गुलाबी करता येतो.

“मग करूया,” मी म्हणालो.

“करूया काय? माझा टीशर्ट मी करणार. तू हात लावायचा नाही. तू हात लावलेल्या गोष्टींचं काय होतं ते दिसतंय.”

सफाईवाल्या मावशींकडून बादली मिळाली. तेवढ्यात दारातून मरून रंगाचा नवाकोरा टॉवेल पिशवीत घालून कोण आत आलं, तर बाबा. मी ज्या हॉलमध्ये रोज मरमर मरतो, तिथे आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं आता इथेच सगळ्यांसमोर सुरू होणार. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी ताईच्या हातात दिली आणि बादलीत डोकावले.

“गार पाण्यात रंग सुटणार नाही,” ते ताईला म्हणाले. “कढत लागतं. आणि मूठभर मीठ टाका.”

“तुम्हाला काय माहीत?” मी म्हणालो.

बाबा बादलीकडेच बघत राहिले. मग ते, वर्षं उलटल्यावर, माझ्याशी थेट पहिलं वाक्य बोलले. “मीच धुतला. सेमीफायनल आहे म्हणून.”

आता या माणसावर ओरडायचं कसं, सांगा. राग मात्र तसाच छातीत अडकून राहिला, ढेकर अडकतो तसा.

कॅन्टीनवाले काका कढत पाणी द्यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, चहाच्या पातेल्यातलं पाणी कपड्यांना दिलं तर लोकांनी प्यायचं काय. मी भांडलो, बाबांनी हात जोडले, पाणी बाबांना मिळालं. ताईने तिचा टीशर्ट बादलीत टॉवेलसोबत बुडवला आणि काठीने ढवळत उभी राहिली. बाहेर काढला तेव्हा गुलाबी झाला होता. आम्ही दोन्ही घेऊन रेफरी मॅडमच्या टेबलावर गेलो.

मॅडमनी चष्मा नाकावर खाली ओढला, दोन्ही टीशर्ट ट्यूबलाइटखाली धरले आणि म्हणाल्या, “हे एक नाहीत.”

“दोन्ही गुलाबी आहेत, मॅडम.”

“हा गुलाबी आहे. हा गाजरासारखा आहे.”

ताईचा जास्त रंगला होता. मग माझा बादलीत गेला. मी मनात म्हटलं, कमी पडायला नको, म्हणून जरा जास्त वेळ ठेवला. काढला तर तो गाजराच्या पुढे जाऊन बिटापाशी पोचला. मॅडमनी मान हलवली. ताई म्हणाली, अंदाज नावाची चीज तुला देवाने दिलीच नाही, तुझे ड्रॉपसुद्धा असेच बाहेर जातात. मग तिचा परत बादलीत. तो बीट ओलांडून गेला. मी म्हटलं, आता कुणाचा अंदाज गेला? मग माझा परत. आमच्यातली रॅली संपेना. दर खेपेला मॅडम चहाचा घोट घेत, दिव्याखाली धरत, आणि शांतपणे नाही म्हणत. एखादी बाई ओरडली तर आपणही ओरडू शकतो. शांत बाईचं काय करायचं?

बघायला गर्दी जमली. ज्यांच्या मॅच संपल्या होत्या ते खुर्च्या घेऊन बसले. आणि त्या गर्दीतून मान वर काढून, म्हणजे त्याला काढावी लागत नाही, असतेच वर, जिराफ आला. हातात पिशवी, चेहऱ्यावर देवदूताचा भाव.

“ताई, घाबरू नका,” तो म्हणाला. “माझ्याकडे दोन हिरवे आहेत. अगदी एकसारखे. एक तुमच्या मापाचा आहे, दुसरा माझा, तो टोळ घालेल.”

त्याने पिशवीतून हिरवा टीशर्ट काढून झटकला. पाठीवर ताईचं नाव छापलेलं होतं. नवंकोरं, पांढऱ्या अक्षरात.

खुर्च्यांवरच्या लोकांनी ते मोठ्याने वाचलं.

“ठरलंय तर,” मी ताईला म्हणालो. “नावं छापून झाली आणि मी इथे बादल्या ढवळतोय.”

मला वाटलं ती माझ्यावर उलटेल. ती माझ्याकडे वळलीच नाही. तिने तो हिरवा टीशर्ट जिराफाच्या हातातून घेतला, नाव वाचलं, परत वाचलं.

“हे कधी छापलंस?”

जिराफ म्हणाला, मागच्याच आठवड्यात, तयारी म्हणून.

“मी हो म्हटलं होतं?”

“नाही, पण म्हणणारच होतात ना.”

मी ताईला चिडलेली रोज बघतो. पण तशी कधी बघितली नव्हती. तिचा आवाज चढण्याऐवजी उतरला.

“घरी सासूबाई माझ्या वतीने हो म्हणतात. ऑफिसात साहेब माझ्या वतीने हो म्हणतो. आणि आता तू. घेऊन जा हे.” तिने हिरवा टीशर्ट त्याच्या खांद्यावर फेकला. मग माझ्याकडे बघून, तेवढ्याच रागाने, म्हणाली, “आणि तू काय थोबाड बघत उभा आहेस? टाक दोन्ही. एकाच बादलीत टाक. एकदम टाक, एकदम काढ. इतका वेळ हे आपल्याला सुचलं कसं नाही?”

सुचलं नव्हतं कारण तिला माझा हात नको होता आणि मला तिचं ऐकायचं नव्हतं. दोन्ही टीशर्ट एकत्र बुडाले. बाबा वर टॉवेल दाबून उभे राहिले. काढले तेव्हा दोन्ही गडद डाळिंबी, तंतोतंत. बाबांनी ते पिळले, मावशींकडून आणलेल्या कोरड्या चादरीत गुंडाळले आणि बूट काढून चादरीवर उभे राहून तुडवले, पाणी निघावं म्हणून. पाठीवरची आमची नावंही तुडवली गेली, पण पुसली नाहीत. मॅडमनी दिव्याखाली धरून बघितलं आणि पहिल्यांदाच मान उभी हलवली.

ओले टीशर्ट अंगाला चिकटवून आम्ही कोर्टवर गेलो. समोरची जोडी आधीच उभी होती. दोघंही पांढऱ्यात.

“बरं झालं तुम्ही बदलून आलात,” मॅडम म्हणाल्या. “सेमीफायनलपासून समोरासमोरच्या दोन जोड्यांचा रंग वेगळा लागतो. तुमचा क्रमांक खालचा, तेव्हा पांढऱ्यात आला असतात तर तुम्हालाच बदलायला लावलं असतं. दुसरे टीशर्ट नसते तर घरी. दाराशी लावलंय की लिहून.”

दाराशी लावलेलं ताईने वाचलं नव्हतं, कारण तिला वाटलं मी वाचलं असेल. मी वाचलं नव्हतं, कारण मला वाटलं ती वाचेल. मी प्रेक्षकांत बघितलं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, बूट अजून हातातच होते.

मॅच आम्ही हरलो. तिसऱ्या गेममध्ये, अगदी शेवटी शेवटी. घाम आला तसा रंग सुटला, माझी चड्डी गुलाबी झाली, ताईने सर्व्हिस केली की फुलाच्या पिसांना तांबूस बोटं उमटायची आणि समोरचे नवीन फूल मागायचे. खाली थेंब पडले म्हणून दोनदा कोर्ट पुसावं लागलं. हात मिळवल्यावर त्या पांढऱ्या टीशर्टवाल्या बाईने आपला तळवा बघितला आणि रुमाल शोधायला लागली.

मी बाकावर बसून वाट बघत होतो. हरलो होतो, म्हणजे ताई आता सांगणार. ती मान पुसत बसली होती, मान सगळी लाल. शेवटी मीच विचारलं, विचार झाला का.

“झाला,” ती म्हणाली. “तू मूर्ख आहेस. आगाऊ आहेस. तुझा बॅकहँड बघवत नाही. पण तू जे काही ओरडतोस ते माझ्या तोंडावर ओरडतोस. सकाळी सरावाला वेळेवर ये.”

यावर आनंद व्हायला हवा होता. मला बॅकहँडचाच राग आला आणि आम्ही पार्किंगपर्यंत भांडत गेलो.

खरी गंमत पुढे झाली. मॅडमनी आमच्या जोडीचा रंग मोसमभरासाठी डाळिंबी म्हणून नोंदवून टाकला. या स्पर्धांमध्ये सेमीफायनलला जो रंग, तोच पुढे कायम. आम्ही दुकानं पालथी घातली. मरून मिळतो, लाल मिळतो, डाळिंबी मिळत नाही. तो रंग जगात फक्त एका माणसाला जमतो. आता आमच्या न्हाणीघरात कायम एक बादली भरलेली असते. बाबांनी तसलेच टॉवेल आणून ठेवलेत, आणि आंघोळीला कुणी वापरला तर घर डोक्यावर घेतात. माझ्याशी ते आता थेट बोलतात, दिवसभर बोलतात. घाम वाळू देऊ नकोस. उन्हात टाकू नकोस. बाही का खेचतोस. स्मॅश मारताना खांदा का वाकडा होतो, त्याने शिवण उसवते. काल तर मला म्हणाले, तुझ्यापेक्षा ताईला कळतं, ती सावलीत वाळवते. आधी आईमार्फत बोलायचे ते काय वाईट होतं?

आज बाहेरगावची स्पर्धा आहे. बॅग भरायला गेलो तर बाबांनी आधीच भरून ठेवलेली, आणि मी का भरली विचारलं तर म्हणाले, तुला जमत नाही. यावर मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. अजून बरंच सांगायचंय, पण खाली ताई गाडीचा हॉर्न दाबून बसलीय आणि शेजारपाजारचे खिडक्यांत आलेत. पुढच्या सीटवर बाबा बसलेत. मागे बादली आहे, तिच्या शेजारी मला जागा ठेवलीय. निघतो.