दहा सेकंदांचा अन्याय

रेस बघताना टीव्हीसमोर ओरडायचं नाही, असं मी त्या रविवारी दुपारी ठरवलं. निर्णय तसा लहान होता आणि माझ्या मते फारच शहाणपणाचा होता. बायको आतल्या खोलीत नुकतीच आडवी झाली होती. मागच्या रेसला मी तिची झोपमोड केली, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "त्या ड्रायव्हरला तुमचं ऐकू येत नाही. मला येतं."

पण चाहत्याने ओरडायचं नाही तर करायचं काय? मी हिरव्या गाडीचा चाहता आहे. ही गाडी वर्षानुवर्षं सहावी नाहीतर सातवी येते आणि त्याबद्दल मी हवामान, टायर आणि पंच यांना आळीपाळीने दोष देतो. (गाडीला कधीच नाही. घरच्या माणसाला कोणी बोलतं का?) त्या दिवशी मात्र रेसच्या रस्त्यावर धो धो पाऊस होता, भल्याभल्या गाड्या चिखलात जाऊन बसल्या होत्या आणि आमची हिरवी चक्क दुसरी होती! पुढे फक्त निळी. एका वळणावर हिरवी जराशी घसरली, निळीला जरासा धक्का लागला, निळी गरागरा फिरली आणि हिरवी पहिली! मी उशीत तोंड खुपसून जल्लोष केला. तोंड बाहेर काढतो तो पडद्यावर पट्टी झळकत होती : धक्का दिल्याबद्दल हिरव्या गाडीला दहा सेकंदांची शिक्षा. म्हणजे शेवटी तिच्या वेळेत दहा सेकंद वाढवणार आणि जिंकलेली रेस हातातून जाणार.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन उचलला, बाथरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. मी, मेहुणा आणि ऑफिसातला कॅशियर असा आमचा तिघांचा रेसचा ग्रुप आहे. सगळ्यात वरच्या ग्रुपवर बोट ठेवलं आणि मनातलं सगळं बोलून पाठवलं.

"ही शिक्षा म्हणजे धडधडीत अन्याय आहे! अहो, पाऊस पडतोय, रस्ता ओला आहे, गाडी घसरणारच! त्याने काय मुद्दाम धडक दिली? आणि निकाल कोण देतंय, तर छपराखाली कोरडे बसलेले लोक! यांनी जन्मात कधी पावसात गाडी चालवलीय? दहा सेकंद! लाज वाटली पाहिजे लाज!"

बाथरूममध्ये माझा आवाज असा काही घुमला की मी स्वतःच दोन मिनिटं भारावून उभा होतो. मग फोन वॉशिंग मशीनवर ठेवला आणि उरलेली रेस बघायला बसलो. हिरवी तिसरी आली. मी शोकात बुडालेलो असतानाच दाराची बेल वाजली.

दारात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य होते. त्यांचे डोळे पाणावलेले होते.

"या इमारतीत एक तरी माणूस राहतो हे आज कळलं," ते म्हणाले.

"कोण?"

"तुम्ही! काय तो आवाज, काय ती तळमळ!"

"मी बाथरूममध्ये होतो," मी म्हणालो. (घाबरलो की मी खरं बोलतो, पण नेमकं बिनकामाचं.)

"आणि स्वतःची जागा जात असताना! आजच्या जमान्यात कोण करतं एवढं?"

"कुठली जागा?"

"आणि वर हा विनय!" असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली आणि डोळे पुसत निघून गेले.

मी धावत जाऊन फोन पाहिला आणि वॉशिंग मशीनवरच बसलो. झालं होतं असं. आदल्या दिवशी पावसात दंतवैद्यांची गाडी घसरली होती आणि आमच्या इमारतीच्या अध्यक्षांच्या कुंड्यांची अख्खी रांग तिने भुईसपाट केली होती. त्यावर इमारतीच्या समितीने शिक्षा ठरवली : दंतवैद्यांची छपराखालची पार्किंगची जागा सहा महिने काढून घ्यायची आणि प्रतीक्षायादीत पहिला असेल त्याला द्यायची. मी फोन उघडला त्याच क्षणी हा निर्णय इमारतीच्या ग्रुपवर येऊन पडला, तो ग्रुप टुणकन वर आला आणि माझ्या बोटाखाली सापडला. माझं रेसचं भाषण सबंध इमारतीने ऐकलं होतं. आता शेवटची गोष्ट सांगतो. प्रतीक्षायादीत पहिला मी होतो.

बायको आतून आली. तिच्या फोनवर माझाच आवाज घुमत होता.

"हे काय आहे?"

"अगं, ते हिरव्या गाडीबद्दल होतं."

"दंतवैद्यांची गाडी पांढरी आहे."

"तेच तर सांगतोय!"

सगळं ऐकून ती खुर्चीत बसली. आमची गाडी उघड्यावर उभी असते, बरोबर गच्चीच्या पन्हळाखाली, आणि तिची डावीकडची काच पूर्ण वर जात नाही. "दोन वर्षं मी ओल्या सीटवर प्लास्टिक टाकून कामाला जातेय," ती म्हणाली, "आज ती जागा आपल्याला मिळाली होती, आणि तुम्ही ती ओरडून परत केलीत! आत्ताच्या आत्ता लिहा की ते रेसबद्दल होतं."

मी लिहायला घेतलं. पण तोवर ग्रुपवर कौतुकाचा पूर आला होता. तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी 'तुमच्या धैर्याला सलाम' असं लिहिलं होतं. (मला आजवर फक्त वॉचमनने सलाम केलाय, तोही माझ्या मागे साहेब असताना.) माझं बोट काही पुढे सरकेना. मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही जागेचं काय घेऊन बसलात? त्या शिक्षेविरुद्ध हिरवीवाले अपील करणार आहेत की नाही ते सांगा!"

संध्याकाळी पार्किंगमध्येच सभा भरली. अध्यक्ष निवृत्त ऑडिटर. काडीसारखे, इस्त्रीच्या शर्टातले, आणि जन्मभर सायकल चालवलेले. म्हणजे 'जन्मात कधी गाडी चालवलीय' हे माझं वाक्य त्यांना कुठे लागलं असेल, ते सांगायला नको.

"तुमच्या भाषणातली एक गोष्ट कळली नाही," चष्मा पुसत ते मला म्हणाले. "समितीने सहा महिने दिले होते. हे दहा सेकंद कुठून आले?"

बायकोने मला कोपराने ढोसलं. खरं सांगायची हीच वेळ होती. खरं बोललो असतो तर थोडी फजिती झाली असती, पण जागा नक्की मिळाली असती. तेवढ्यात माझी नजर दंतवैद्यांकडे गेली. ते आपल्याच खुर्चीतल्या पेशंटसारखे माझ्याकडे बघत होते.

"दहा सेकंद," मी म्हणालो, "म्हणजे... गाडी घसरायला लागले तेवढे. दहा सेकंदांच्या चुकीला सहा महिने?"

टाळ्यांचा कडकडाट झाला! वळून पाहतो तर बायकोही टाळ्या वाजवत होती. "इतकं चांगलं बोलता येतं तुम्हाला?" ती कुजबुजली. "जाऊ दे ती जागा. आज नाही तर उद्या मिळेल, आपणच पहिले आहोत." खरं सांगतो, हिरवी जिंकली असती तरी मला एवढा आनंद झाला नसता.

समितीने खांबाआड जाऊन विचार केला आणि शिक्षा मागे घेतली. दंतवैद्यांनी कुंड्या भरून द्यायचं कबूल केलं. लोक पांगले. अध्यक्षांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं आणि सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले, "मीही बघत होतो."

"काय?"

"रेस. मी निळीचा. वीस वर्षं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? मग सभेत बोलला का नाहीत?"

"दंतवैद्यांना शिक्षा जरा जास्तच झाली होती हो. मागे कशी घ्यावी कळत नव्हतं. तुमचा उपयोग झाला." मग त्यांचा आवाज चढला. "पण दहा सेकंद कमीच होते! सरळसरळ ढकललं त्याने आमच्या निळीला."

"पाऊस होता!"

"मग निळीवर काय ऊन पडलं होतं?" ते म्हणाले. "असो. पंचांबद्दल वाटेल ते बोलल्याबद्दल समितीने प्रतीक्षायादीत तुम्हाला पाच जागा मागे टाकलंय."

"अहो, यादीत आम्ही तिघंच तर आहोत!"

"म्हणून सध्या दोनच. उरलेल्या तीन पुढच्या यादीत मोजून घेऊ. रेसमध्येही असंच करतात, तुम्हाला ठाऊक असेलच."

मी आशेने बायकोकडे पाहिलं. ती पुढे झाली.

"या निर्णयावर अपील करता येतं का?" तिने विचारलं.

माझा ऊर भरून आला. शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस.

"येतं की," अध्यक्ष म्हणाले.

"मग मी करते," बायको म्हणाली. "पाच फार कमी आहेत. दहा करा."