पोटरी मोजणाऱ्या वाघमारे मॅडम

वार सोमवार, आकडा अठ्ठावीस सेंटिमीटर, हजर माणसं चार: खाटेवर माझे वडील, पायथ्याशी आई, खिडकीजवळ मी, आणि वडिलांच्या पोटरीला शिंप्याची टेप गुंडाळून वाकलेल्या वाघमारे मॅडम. नाव सांगणं, तब्येत विचारणं सगळं नंतर. आधी पोटरी.

"पायजमा शिवून राह्यल्या का काय बाई?" वडिलांनी विचारलं.

"शिवीन की. आधी त्यात घालायला पाय तर राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

जालन्यातल्या ज्या दवाखान्यात वडील होते, तिथं त्या आहारतज्ज्ञ आहेत. मूळच्या वाटूरच्या, वय चाळिशीचं, आणि टेप कायम गळ्यात. म्हाताऱ्या माणसाची खरी बातमी तोंडावर नसते, पोटरीत असते, असं त्यांचं ठाम मत. शहागडहून माझे चुलते वडिलांना भेटायला आले, तर मॅडमनी त्यांनाच स्टुलावर बसवून धोतर वर करायला लावलं. चुलते पुन्हा भेटायला आले नाहीत.

आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा मोसंबी आणायचा. खाटेखाली ढीग झाला होता. मॅडम म्हणायच्या, "रस पाहुण्यांनाच पाजा, उन्हातून आलेत. बाबांना डाळ द्या, दही द्या, अंडं द्या." आणि कुणीही काहीही सांगायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न: "ते राहू द्या. पोटात काय गेलं?" त्यावर 'चांगले जेवले' म्हटलं की त्या चिडायच्या. चांगले म्हणजे अर्धी पोळी की दोन?

मला हे पटायचं. मी अंबडच्या मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहितो. 'चांगलं' हा आकडा नाही हे मलाही कळतं.

वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जखम सुकेना आणि वडिलांना उभं राहवेना. अंगात ताकद आली नाही तर ते पुन्हा चालतील याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. गाडीत उभ्यानं जन्म काढलेला माणूस खाटेला लागणार, हे मला बघवणार नव्हतं.

म्हणून मी मॅडमना रोजचा चोख हिशेब द्यायचो. दवाखान्याच्या ताटातल्या दोन पोळ्या, डाळ, भात, अंडं. ताट रिकामं परत. त्यांनी आहार वाढवला, ताट तरीही रिकामं परत. आणि आठवड्यानं खुर्चीत बसवून वजन केलं तर दीड किलो कमी.

मॅडमना आधी काट्याचा संशय आला. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "काटा बराबर आहे. घरातलं वाढलेलं वजन तुमच्याकडं आहे." मग त्यांना माझा संशय आला. ताट रिकामं झालेलं मी पाहिलं, पण जेवताना पाहिलं का? नव्हतं पाहिलं. त्या वेळी मी औषधांच्या रांगेत असायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्टूल ओढून खाटेशी बसल्या आणि मलाही थांबवलं. वडिलांनी अर्धी पोळी खाल्ली, डाळीचे दोन घोट घेतले आणि ताट सरकवलं. पोट भरलं म्हणाले. आई अवघडून बसली होती.

"घ्या मावशी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्यासमोर लाजू नका."

आईनं ताट पुढं ओढलं आणि खाली मान घालून संपवलं. मी तिला कँटीनसाठी पैसे दिले होते. ती एकदाही गेली नव्हती. अनोळखी माणसांत एकटीनं बसून जेवणं तिनं जन्मात केलं नव्हतं. घरीही ती वडिलांच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवते.

"मला वाटलं यांना जात न्हाई," ती म्हणाली. "अन्न टाकून कसं द्यायचं?"

वडील भिंतीकडं बघत होते. "म्या सगळं खाल्लं तर मंग ती काय खाईल? सांगितलं तर माझ्यासाठी उपाशी राहील. म्हणून बोललो न्हाई."

मॅडमनी गळ्यातली टेप काढली, आईच्या पोटरीला लावली आणि आकडा मला दाखवला. सत्तावीस. वडिलांच्या पहिल्या आकड्यापेक्षाही एक कमी.

मला वाटलं आता रागावतील. त्या उठून गेल्या आणि आपला डबा घेऊन परत आल्या. आजपासून बाबा, मावशी आणि त्या स्वतः अशा तिघांनी संगट जेवायचं, बाबांनी आपलं ताट आपण संपवायचं, आईनं डब्यातलं घ्यायचं, असा हुकूमच निघाला. आई लाजत पहिला घास घेईपर्यंत वडील थांबले, आणि मग असे जेवले की मी औषधांची रांग विसरलो.

डबा मात्र भयंकर होता. बिनमिठाची मोडाची मटकी, तीही मोजून. आईनं दोन दिवस सोसलं, मग माझ्या बायकोला फोन केला. तिसऱ्या दिवसापासून अंबड-जालना गाडीनं चार माणसांचा डबा यायला लागला. वडिलांचे डेपोतले जुने सोबती तो सांभाळून आणायचे. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मॅडम बोटं चाटत तक्रार करायच्या की यात तेल फार आहे.

जखम सुकली. वडील वॉकर धरून उभे राहिले, मग दारापर्यंत गेले.

सुट्टी झाली त्या दिवशी मी विचारलं, मॅडम, तुमचं काय द्यायचं? त्या टेप गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई गेल्यापासून मी खोलीवर ओट्याशी उभ्यानंच खाते. एकटीसाठी काय ताट घ्यायचं? इथं बसून जेवले. झालं माझं."

मी काही बोलायच्या आत आईनं त्यांचा हात धरला. "येत जा, माय," एवढंच म्हणाली.

दवाखान्याचं बिल खिडकीवर चुकतं केलं, पावती घेतली. वाघमारे मॅडमना दिलं ते एवढंच: अंबडला रविवारचं जेवण. आई त्यांना शेजारी बसवून वाढत राहते, आणि त्या किती खाल्लं ते मोजत नाहीत.