वेखंडाची धुरी घेतलेलं कोकरू

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वांगणीच्या आमच्या शेतात एक मेंढी व्याली आणि वीस मिनिटांत मेली. कोकरू जिवंत होतं. साल १९८८, महिना जानेवारी. खतासाठी मी महिपती धनगराचा कळप शेतात बसवला होता.

महिपती म्हणाला, "सायेब, जांभूळ गावात माझ्या भावाच्या कळपात काल एकीचं पोर गेलं. तिला टेम्पोतनं चार वाजता आणतो. तवर ह्याला जगवा." त्याने घोंगडीचा तुकडा कोकराभोवती गुंडाळला. "काल मीच ह्यानं ते मेलेलं पोर पुसलंय. मेंढी वासावर पोर वळखती."

मी सगळं वहीत टिपलं. वीस वर्षं वर्तमानपत्राच्या रोजच्या अंकात पूर, संप आणि आगी वेळेत बसवल्या होत्या. दोन किलोचं कोकरू दहा तास सांभाळायचं म्हणजे काय मोठं! असं कुंदामावशीला ऐकवून मी शेळीचं दूध आणायला शेजारच्या सगुणाबाईकडे गेलो. वही खिशात होती. मावशीला वासाचं सांगायचं तेवढं राहिलं.

मावशीने अंबरनाथमध्ये तीस वर्षं घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना न्हाऊ घातलेलं. परतलो तेव्हा कोकरू तेल लावून, डाळीच्या पिठाने चोळून, न्हाऊन शेगडीवर वेखंडाची धुरी घेत होतं. डोक्याला टोपडं.

"मावशी, हे काय केलंस?"

"मग काय तसंच चिकट ठेवू? अजून टाळू भरायची राहिलीय."

"आणि ती घोंगडी?"

"कुंपणावर टाकली. धुवायला घेतेच आता."

मी तुकडा उचलला आणि तिच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या गळ्यात घट्ट बांधला.

बाराला कोकराने बाटली तोंडात धरली नाही. दीडला त्याच्या तोंडात बोट घातलं, जीभ गार. अडीचला त्याने मान टाकली. प्रत्येक वेळ मी वहीत लिहीत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मावशीची बडबड थांबली तेव्हा मी खरा घाबरलो.

"जगेल ना रे?" तिने हळूच विचारलं.

"चारला मेंढी येतेय."

मेंढी चार वाजून पाच मिनिटांनी आली. तिने कोकरू हुंगलं, शिंकली आणि ढुशी मारून त्याला दोन हात लांब फेकलं. मग ती माझ्याकडे वळली. मी मागे सरत भिंतीला टेकलो. आणखी सरायला जागा नव्हती. तिने माझी मान हुंगली, घशातल्या घशात आवाज काढला आणि माझा कान चाटायला लागली.

महिपती म्हणाला, "सायेब, तिला पोर गावलं."

"कुठलं?"

"तुमी."

तुकडा सोडून कोकराला बांधला. मेंढी पुन्हा शिंकली.

"मावशी, वेखंडाचा वास किती दिवस राहतो?"

"चांगला असला तर आठ दिवस," मावशी म्हणाली. आवाजात अभिमान होता.

शेवटी तुकडा पुन्हा गळ्यात बांधून मी तिच्या तोंडापुढे ओणवा झालो. ती मला चाटत राहिली आणि महिपतीने कोकरू मागून आचळाला लावलं. ते प्यायलं. मी उठलो की ती लाथ झाडायची. म्हणून दर दोन तासांनी ओणवा.

आज तिसरा दिवस. कोकरू उभं राहतं, पण अडखळतं. ऑफिसला रजेचं कारण 'घरगुती' असं कळवलं आहे. कळप उद्या पुढे निघणार. मेंढी जाणार की राहणार, महिपतीलाही सांगता येत नाही. दुपारी तीन वाजता तिने कोकराला एकदा हुंगलं. शिंकली नाही.