तळ दिसला पाहिजे

सासऱ्यांच्या घराला रंग लागणार होता, म्हणून त्यांची मासोळी आठ दिवसांसाठी जावयाच्या दातांच्या दवाखान्यात राहायला आली. रंगाच्या वासाने तिला त्रास होईल, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. जावयाला होणाऱ्या त्रासाचा त्यांनी विचार केला नव्हता, आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तो करायचं काही कारणही नव्हतं.

मासोळी मुठीएवढी, शेंदरी आणि गालफुगरी. तिला घरात सगळे बाईसाहेब म्हणत. टाकी मात्र अगदीच ओकीबोकी. सासऱ्यांनी चौतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं आणि तिथून ते एकच तत्त्व घेऊन निवृत्त झाले होते : तळ दिसला पाहिजे. त्यामुळे टाकीत ना वाळू, ना खडे, ना झाडपाला. खाली काच, वर पाणी, मध्ये बाईसाहेब. रोज सकाळी नळीने तळ कसा साफ करायचा, हे त्यांनी तीनदा समजावून सांगितलं आणि चौथ्यांदा लिहून दिलं.

"जशी देतोय तशी परत द्या, जावईबापू," ते निघताना म्हणाले.

हे 'जावईबापू' डॉक्टरांना फार लागे. अख्खी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणे, सासरे सोडून. सासऱ्यांची उजवीकडची दाढ दोन वर्षं किडलेली होती. ते डावीकडून चावत, गाल धरून बसत, पण जावयापुढे तोंड उघडत नसत. ज्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही त्याच्या हातात मी दाढ देणार नाही, असं ते लेकीला सांगत आणि लेक ते एकही शब्द न गाळता नवऱ्यापर्यंत पोचवी. आता निदान मासोळी धडधाकट परत केली तर या हातांवर थोडा विश्वास बसेल, अशी डॉक्टरांना आशा होती.

पण पेशंटच्या खुर्चीसमोर ती रिकामी टाकी बघवेना. कवळीचं माप द्यायला आलेल्या एका आजींनी तर ती अगदी आपल्या तोंडासारखी दिसते, असं सांगून टाकलं. बाईसाहेब दिवसभर कोपऱ्यात तोंड खुपसून बसत. शेवटी डॉक्टर माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने सोपा उपाय सांगितला. रोप कुंडीत लावून कुंडीच टाकीत ठेवायची, म्हणजे तळ उघडाच राहतो आणि साफ करताना कुंडी उचलता येते. मुळांची माती आणि खत धुऊन टाका, कुंडी साधी भाजक्या मातीची घ्या, रोप तरंगू नये म्हणून वर खडे ठेवा, पण ते मासोळीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे. ती खणते फार. ब्रश कसा करायचा हे डॉक्टर सांगत असताना पेशंट जसे मान डोलावतात, तशी डॉक्टरांनी शेवटपर्यंत मान डोलावली.

मग त्यांनी दवाखान्यात येऊन कुंडी स्वतःच बनवली, जबड्याचे साचे काढायच्या प्लास्टरची.

"सर, हे पाण्यात विरघळणार नाही ना?" सिस्टरने विचारलं. ती नऊ वर्षं तिथे होती आणि तिचे प्रश्न सहसा बरोबर असत.

"दगड होतो त्याचा," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी दुधासारखं झालं होतं. तळ दिसत नव्हता आणि बाईसाहेबही दिसत नव्हत्या. दोघांनी बाह्या सावरून त्यांना शोधून काढलं आणि भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत हलवलं. टाकी घासून, नवीन पाणी दिवसभर उघडं ठेवून पुन्हा भरेपर्यंत दोन दिवस गेले. रूट कॅनालसाठी आलेले एक गृहस्थ सुजलेला गाल धरून ते सगळं बघत होते.

आता मात्र डॉक्टरांनी मातीची कुंडी आणली. मुळं धुतली, खताचे दाणे वेचून काढले. फक्त खडे स्वतःच्या पसंतीने घेतले. दुकानातले मोठे खडे त्यांना ओबडधोबड वाटले. त्यांनी बारके, पांढरेशुभ्र, गुळगुळीत खडे निवडले आणि कुंडीच्या काठाने नीट ओळीत बसवले. पेशंट म्हणाले, बत्तिशी छान जमली आहे. बाईसाहेबही खुलल्या आणि दिवसभर कुंडी उकरू लागल्या. बायकोने बघितलं आणि बाबा यायच्या आत हे काढून ठेव, एवढंच बजावलं.

सासरे शेवटच्या दिवशी पाच वाजता येणार होते. सव्वाचारला डॉक्टर कुंडी काढायला गेले, तर बाईसाहेब तोंड वासून उभ्या. तोंड मिटेना. आत पांढरा खडा अडकला होता.

डॉक्टरांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. हात ओला ठेवा, तोंड खाली करून धरा, गळ्याखालून हलकेच पुढे ढकला आणि घाई करू नका, असं तो म्हणाला. सिस्टरने खुर्चीवरची बत्ती लावली. डॉक्टरांनी मासोळी ओल्या हातात घेतली, बारीक चिमटा उचलला आणि वीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "आ करा. जरासं दाबल्यासारखं वाटेल."

खडा टणकन ट्रेमध्ये पडला. बाईसाहेब टाकीत जाताच सरळ रोपामागे दडल्या आणि तोंडाची उघडझाप करू लागल्या. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकून मागे बघितलं. दारात सासरे उभे होते. चौतीस वर्षं ते कामावर अर्धा तास आधीच पोचत आले होते.

सासरे टाकीपाशी गेले. बाही वर करून त्यांनी कुंडी उचलली, खालचा तळ पाहिला. तळ स्वच्छ होता. त्यांनी कुंडी होती तिथेच परत ठेवली.

"खडे मोठे टाका," ते म्हणाले. मग वाकून त्यांनी रोपामागे दडलेल्या बाईसाहेबांकडे बघितलं. "तिला दुखलं असेल का हो?"

"फारसं नाही. दोन मिनिटांचं तर काम."

सासऱ्यांनी उजव्या गालावर हात ठेवला. बत्ती अजून चालू होती. ते हळूच चालत खुर्चीपाशी गेले. सिस्टर म्हणाली, थांबा, पाणी सांडलंय, पुसून देते. पण ते तसेच ओल्या खुर्चीत बसले.

"माझ्या दाढेला जरा जास्त वेळ लागेल, डॉक्टर," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं.

बाईसाहेबांच्या वेळी न चुकलेल्या डॉक्टरांच्या हातातला आरसा आता सासऱ्यांच्या दातांवर दोनदा वाजला. पण सासऱ्यांचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना त्यावर काही बोलता आलं नाही.